मांडे शोधणाऱ्याला तुमचं घर सापडायला हवं

शहापूर, बेळगाव इथून एका वहिनींचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते. आपल्याकडचे मांडे म्हणजे पिठीसाखर भरलेली, घडीची, कुरकुरीत पातळ पोळी.

"ताई, आमच्या सासूबाई तीस वर्षं लग्नाच्या ऑर्डरीचे मांडे करतात. पुढच्या खोलीत काम, तिथूनच गिऱ्हाईक घेऊन जातं. आजवर सगळं तोंडी चालत आलं. आता जुनी माणसं कमी झाली, नवी पोरं सगळं मोबाइलवर शोधतात. गेल्या वर्षी एका कंपनीचा फोन आला, 'तीस दिवसांत गूगलवर पहिला नंबर आणून देतो.' आम्ही बारा हजार भरले. त्यांनी मॅपवर आमचं नाव 'बेस्ट बेळगाव मांडे कुंदा स्वीट्स होम डिलिव्हरी निअर मी' असं टाकलं. एका रात्रीत पाच-पाच स्टारचे चाळीस अभिप्राय आले आणि महिन्याभरात बहुतेक गायब झाले. आता आणखी पंधरा हजार मागतात, नाही दिले तर नाव काढून टाकू म्हणतात. माझी बहीण पुण्यात असते. ती मांडे शोधते तेव्हा तिला खान्देशी पुरणाचे मांडे दिसतात, आमचं घर दिसतच नाही. सासूबाई म्हणतात, 'दिवसाला दीडशेच्या वर हाताला होत न्हाईत, उगी सगळ्या गावाला सांगून काय करायचं?' ताई, वेबसाइट करू का? जाहिरातीला पैसे घालू का? की हे सगळं सोडून देऊ?"

वहिनी, नमस्कार.

सोडून देऊ नका. पण ते पंधरा हजारही देऊ नका.

आधी पैशांचंच बोलते, कारण त्याचा घोर तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसतो. गूगल मॅपवर धंद्याची नोंद करायला एक रुपयाही लागत नाही. या नोंदीला गूगल बिझनेस प्रोफाइल म्हणतात. २०२१ च्या नोव्हेंबरपर्यंत तिचं नाव गूगल माय बिझनेस होतं, त्यामुळे अजून कुणी त्या नावाने बोललं तर ती तीच वस्तू समजा. नोंदीत वरचा नंबर पैसे देऊन मिळत नाही, हे गूगलने स्वतः स्पष्ट लिहून ठेवलं आहे, आणि पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही हेही. म्हणजे तुम्हाला फोनवर जी हमी मिळाली, ती देणाऱ्याच्या हातात मुळात नव्हतीच.

'नाव काढून टाकू' ही धमकी मात्र पोकळ नाही. त्यांनी नोंद स्वतःच्या ईमेलवरून केली असेल, तर कागदोपत्री त्या नोंदीचे मालक तेच आहेत. ते आज बदला. तुमच्या घरातल्या एका माणसाच्या नावाने एक जीमेल उघडा आणि त्याचा पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा. त्या जीमेलने लॉगिन करून मॅपवर तुमची नोंद उघडली की 'हा व्यवसाय तुमचा आहे का' अशा अर्थाचा दुवा (लिंक) दिसतो. तिथून मालकी मागता येते. ज्याच्याकडे मालकी आहे त्याला ईमेल जातो आणि उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. त्याने होकार दिला तर प्रश्न मिटला. उत्तरच दिलं नाही, तर बहुतेक वेळा तुम्हालाच पडताळणी करून नोंद ताब्यात घेण्याची वाट मोकळी होते. आणि नकार दिला तर गूगलकडे दाद मागता येते. मालकी हातात आली की त्या कंपनीचं नाव वापरकर्त्यांच्या यादीतून काढा. पुढे कधी कुणाची मदत घेतलीत तर त्याला 'व्यवस्थापक' म्हणून जोडा, 'मालक' म्हणून कधीच नको. घराची किल्ली कामाला आलेल्या माणसाकडे आपण कायमची देत नाही.

मग नाव दुरुस्त करा. पाटीवर, बिलावर, लोकांच्या तोंडी जे नाव आहे तेवढंच नोंदीत असावं असा गूगलचा नियम आहे. 'बेस्ट', 'होम डिलिव्हरी', 'निअर मी' असले शब्द नावात कोंबले तर नोंद बंद पडू शकते. 'निअर मी' तर अगदीच निरुपयोगी. माणूस 'जवळचे मांडे' असं शोधतो तेव्हा तो कुठे उभा आहे हे गूगल त्याच्या मोबाइलवरून ओळखतं, तुमच्या नावावरून नव्हे.

ते चाळीस अभिप्राय गेले ते बरंच झालं. खोटे अभिप्राय गूगल ओळखून काढतं, आणि ज्याच्या नोंदीवर ते येतात त्याच्यावरचा भरवसाही उतरतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या मामांचं साड्यांचं दुकान होतं. २०११ साली त्यांच्या वेबसाइटसाठी मी पैसे देऊन शेकडो दुवे विकत घेतले होते. दुसऱ्या वेबसाइटवरून आपल्याकडे जितके दुवे येतील तितकं गूगल आपल्याला मोठं मानतं, एवढंच अर्धवट ज्ञान मला तेव्हा होतं. सहा महिने दुकान वर दिसलं. मग २०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला, विकतच्या दुव्यांवर उभी असलेली पानं खाली ढकलली, आणि मामांचं दुकान जिथून दिसत होतं तिथून नाहीसं झालं. दिवाळीच्या आधी फोन येईनासे झाले. मामा मला काही बोलले नाहीत. ते न बोलणंच माझ्या मनात राहिलं. तेव्हापासून धंदा ऑनलाइन नेणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते.

आता तुमच्या बहिणीकडे येते, कारण खरी गोम तिथे आहे.

गूगलवर काही शोधलं की दोन वेगळ्या गोष्टी समोर येतात. एक नकाशाचा चौकोन, त्यात दुकानं, फोन नंबर, स्टार. दुसरी त्याखालची वेबसाइटची पानं. नकाशात कोण वर दिसणार हे तीन गोष्टींवर ठरतं असं गूगलच सांगतं: शोधलेल्या शब्दाशी तुमचा धंदा किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती अंतरावर आहात, आणि तुमचं नाव किती चर्चेत आहे. टिळकवाडीत उभं राहून कुणी मांडे शोधले तर शहापूर जवळ आहे, तिथे तुमची नोंद दिसू शकते. तुमची बहीण पुण्यात बसून शोधते तेव्हा नकाशा तिला पुण्यातलीच ठिकाणं दाखवणार. तुम्ही नोंद कितीही सजवलीत तरी ते अंतर तोडता येत नाही. पुण्यातल्या, मुंबईतल्या, गोव्यातल्या माणसापर्यंत जायचं तर ते काम वेबसाइटच्या पानाने करायचं असतं. पानाला अंतराचं बंधन तेवढं नसतं. त्याला शब्द लागतात.

आणि शब्दांच्या बाबतीत आपल्या भागाइतका गुंता फार थोड्या ठिकाणी असेल. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. पुण्यात स्थायिक झालेला आपला माणूस 'बेळगाव' लिहितो. बंगळूरुहून लग्नाला येणारा 'बेळगावी' लिहितो. इंग्रजी अक्षरांत लिहिणारे दोन्ही लिहितात. एकच गाव असल्याचं गूगलला बऱ्यापैकी कळतं, तरी तुमच्या पानावर दोन्ही नावं कुठे ना कुठे सहज आलेली असावीत.

तेच पदार्थाचं. आपण मांडे म्हणतो. गल्लीच्या पलीकडच्या टोकाला राहणारी कन्नड कुटुंबं त्यालाच मंडिगे म्हणतात, आणि त्यांच्या लग्नातही तो लागतो. हुबळी-धारवाडचा माणूस मंडिगे शोधणार. तुमच्या नोंदीत तो शब्दच नसेल तर त्याच्या लेखी तुम्ही नाहीत. उलट 'मांडे' एवढाच शब्द नाशिक-जळगावकडे गेला की त्याचा अर्थ बदलतो. तिकडचे मांडे म्हणजे खापरावर भाजलेली पुरणाची भलीमोठी पातळ पोळी. आपले म्हणजे पिठीसाखर भरलेले, घडीचे, कुरकुरीत. तुमच्या बहिणीला खान्देशी मांडे दिसले यात गूगलची काही चूक नाही. त्या पदार्थावर लोकांनी पानंच्या पानं लिहून ठेवली आहेत, आपल्यावर फार थोडी. तुम्ही लिहा.

काय लिहायचं हे कुणाला विचारायला जाऊ नका. तुमच्या घरच्या फोनपाशी एक वही ठेवा. पंधरा दिवस, जो कुणी फोन करेल त्याचा पहिला प्रश्न त्याच्याच शब्दांत टिपून घ्या, सुधारून नव्हे. 'मांडे किती दिवस राहतात?' 'रुखवतात ठेवायला मोठे करून देता?' 'शंभर मंडिगेला काय रेट?' 'पुण्याला पाठवलं तर मोडत नाहीत?' 'किती दिवस आधी सांगावं लागतं?' एकच प्रश्न पाच जणांनी विचारला तर त्याच्यापुढे पाच रेघा मारा. पंधरा दिवसांनी तुमच्या हातात जे असेल ते विकत घेऊनही मिळणार नाही. फोनवर एक जण जो प्रश्न विचारतो, तोच प्रश्न फोन न करता दहा जण गूगलला विचारत असतात. ज्या प्रश्नापुढे जास्त रेघा, तो तुमच्या पानाचा पहिला मथळा. त्याखाली साधं, खरं उत्तर. मांडे खरोखर जितके दिवस राहतात तितकेच लिहा. 'दीर्घकाळ टिकणारे, उत्कृष्ट दर्जाचे' असल्या वाक्यांनी कुणी तुम्हाला शोधत नाही आणि वाचून कुणी फोनही करत नाही.

नमुन्यादाखल सुरुवात लिहून देते. 'बेळगाव (बेळगावी), शहापूर इथे आमच्या घरी लग्नासाठी साखरेचे मांडे करून मिळतात. कन्नडमध्ये यांना मंडिगे म्हणतात. हे पुरणाचे खान्देशी मांडे नव्हेत. आमचे मांडे कोरडे, घडीचे आणि पिठीसाखरेचे असतात. दिवसाला दीडशेपर्यंतच मांडे होतात, म्हणून तारीख आधी सांगावी.' यात बढाई कुठेच नाही, पण शोधणारा जे शब्द टाकेल ते जवळजवळ सगळे सहज आले आहेत. गूगलच्या नोंदीतलं वर्णन साडेसातशे अक्षरांत बसवावं लागतं. एवढा मजकूर तिथे आरामात मावतो.

एक चूक मी आपल्याकडे सारखी बघते. सगळी माहिती एका रंगीत चित्रात लिहायची, चारी बाजूंनी फुलं लावायची, आणि तेच चित्र वेबसाइटवर, व्हॉट्सॲपवर, फेसबुकवर चिकटवायचं. माणसाला ते वाचता येतं, पण चित्रातल्या अक्षरांवर शोधयंत्राने विसंबून राहावं अशी अपेक्षा धरू नका. भाव, पत्ता, पदार्थाचं नाव हे सगळं टाइप केलेल्या अक्षरांत असू द्या.

कन्नड पान वेगळं करा. मराठी पानातच चार कन्नड ओळी घुसडू नका, आणि मोबाइलने केलेलं भाषांतर न तपासता टाकू नका. मराठी शाळेत शिकलो म्हणून कन्नड लिहिताना हात अडखळतो, हे आपल्यापैकी पुष्कळांचं आहे. शेजारच्या एखाद्या अक्कांना चहाला बोलवा, तुम्ही बोला, त्यांना लिहू द्या. तुम्ही मांड्यांबद्दल जे सांगाल ते त्या त्यांच्या शब्दांत लिहितील, आणि त्याच शब्दांत त्यांचे नातलग शोधत असतात. भाषेवरून आपल्या भागात काय काय होऊन गेलं ते मला माहीत आहे. मी त्यातच वाढले. पण मुलीच्या लग्नासाठी मंडिगे शोधणारी आई त्या घटकेला फक्त मंडिगे शोधत असते. ती तुमच्या दारात यायला हवी.

पाटीचंही याच ओघात सांगते. गिऱ्हाईक तुमच्याकडे येऊन माल नेतं, म्हणून मॅपवर पत्ता दाखवायला हवा. पण दाराशी कायमची पाटी नसेल तर गूगल त्या जागेला दुकान मानत नाही. मग पत्ता झाकून फक्त 'इतक्या भागात सेवा देतो' अशी नोंद करावी लागते. म्हणून एक छोटी पाटी लावाच. कर्नाटकात व्यावसायिक पाटीवर साठ टक्के कन्नड असणं २०२४ च्या दुरुस्तीने सक्तीचं आहे, ते पाळून मराठीतही नाव लिहा. नोंदीतलं नाव त्या पाटीशी जुळू द्या. पडताळणीसाठी गूगल बहुतेक वेळा व्हिडिओ मागतं. तो न कापता, न जोडता, एका दमात किमान तीस सेकंदांचा घ्यावा लागतो. गल्लीच्या नावाच्या फलकापासून चालत या, पाटी दाखवा, मग आत जाऊन कढई, लाटणं, डबे दाखवा. कुणाचे चेहरे किंवा आधारसारखे कागद त्यात येऊ देऊ नका. खाद्यपदार्थ विकता म्हणजे एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी असेलच. नसेल तर आधी ती करा, आणि तो क्रमांक वेबसाइटवर आणि डब्यावर छापा. अनोळखी माणूस पुण्यातून आगाऊ पैसे पाठवताना तोच बघतो.

वेबसाइट करायचीच. पण मोठी नको. तीन पानं पुरेत: मांडे म्हणजे काय आणि तुम्ही ते कसे करता, लग्नाची ऑर्डर कशी द्यायची, आणि बाहेरगावी कसे पाठवता. डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव. ते तुमच्या ईमेलने, तुमच्या नावावर घ्या. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर खर्च येतो. इथेही मालकीचाच मुद्दा आहे. कितीतरी दुकानदारांचं डोमेन वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर असतं आणि भांडण झालं की वेबसाइट त्याच्याबरोबर जाते. फुकटातल्या सोयीवर सगळा भार टाकू नका, हेही त्यातच आलं. गूगल पूर्वी नोंदीबरोबर एक फुकट वेबसाइट द्यायचं. २०२४ च्या मार्चमध्ये त्यांनी ती सगळीच बंद केली, आणि ज्यांनी कार्डांवर, पिशव्यांवर तोच पत्ता छापला होता ते अडकले.

प्रत्येक पानाला स्वतःचं शीर्षक द्या. ब्राउझरच्या पट्टीत आणि गूगलच्या यादीत निळ्या अक्षरात दिसतं ते. 'होम' किंवा 'स्वागत' असं नको, 'लग्नासाठी बेळगावी मांडे, शहापूर' असं असावं. कुणी तुम्हाला 'कीवर्ड टॅग', म्हणजे पानाच्या आत दडवलेली शब्दांची यादी, भरून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. गूगल तो टॅग बघतच नाही, हे त्यांनी २००९ सालीच जाहीर केलं आहे. पान मोबाइलवर पटकन उघडतं ना, एवढं मात्र स्वतः बघा. फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसे जड टाकले तर खानापूरच्या जंगलपट्टीत, जिथे रेंजची मारामार, तिथे पान उघडायच्या आधी माणूस कंटाळतो.

फोटोंवरून आठवलं, आणि हे मी मुद्दाम सविस्तर सांगणार आहे. तुमच्याकडे जे आहे ते मोठ्या मिठाईवाल्याकडेही नसतं. उलट्या कढईवर ती कागदासारखी पातळ पोळी पडते, आतली साखर विरघळू लागते, आणि कडक व्हायच्या आत, हात भाजत असताना, सासूबाई तिची चौकोनी घडी घालतात. क्षणभर उशीर झाला की पोळी मोडते. तेवढंच टिपा. वीस-पंचवीस सेकंद, मोबाइल आडवा-उभा न हलवता, मागे गाणं नको. घडी घालतानाचा तो कर्र आवाज ऐकू आला पाहिजे. तो व्हिडिओ यूट्यूबवर, इन्स्टाग्रामवर आणि गूगलच्या नोंदीवर टाका आणि नावात लिहा: 'बेळगावचे मांडे (मंडिगे) घरी कसे करतात'. बाहेरगावी गेलेला आपला माणूस हे बघून थांबतो. आणि ज्याने बेळगावी मांडे कधी पाहिलेच नाहीत, त्यालाही दोन मांड्यांतला फरक एका नजरेत कळतो.

अभिप्राय आता खरे मिळवायचे. लग्न पार पडल्यावर चार-पाच दिवसांनी यजमानांना एक व्हॉट्सॲप करा: मांडे नीट पोचले का, आणि जमलं तर दोन ओळी इथे लिहाल का, म्हणून नोंदीचा दुवा. बदल्यात सूट, भेट काही देऊ नका, ते गूगलच्या नियमात बसत नाही. भाषेची अट घालू नका. 'मुलीच्या लग्नाला दोनशे मांडे नेले, गोव्यापर्यंत एकही मोडला नाही' असं कुणी लिहिलं तर त्या एका ओळीचं मोल चाळीस रिकाम्या पाच स्टारांपेक्षा जास्त आहे, कारण पुढचा माणूस नेमकी तीच काळजी घेऊन आलेला असतो. कुणी तक्रार लिहिली तर चिडून उत्तर देऊ नका. काय झालं आणि तुम्ही काय केलं ते दोन वाक्यांत लिहा. तुमचं उत्तर त्या एका माणसासाठी नसतं, पुढे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी असतं.

जाहिरात करायची का? आत्ता नको. आधी नोंद, पान, फोटो नीट होऊ द्या, नाहीतर पैसे देऊन आणलेला माणूस रिकाम्या पानावर येऊन परत जाईल. तुळशीच्या लग्नाआधी महिनाभर थोडे पैसे घालून बघायला हरकत नाही. गूगल जाहिरातीत कुणी तिच्यावर बोट ठेवलं की पैसे कापले जातात आणि रोजची मर्यादा आपण घालू शकतो. तिथे दोन गोष्टी विसरू नका. एक, गावं निवडताना सगळा भारत ठेवू नका: बेळगाव, कोल्हापूर, पुणे, गोवा, हुबळी-धारवाड एवढं पुरे. दुसरी, वगळायच्या शब्दांची यादी भरा. 'रेसिपी', 'पुरणाचे', 'खान्देशी', 'नोकरी' हे शब्द शोधणारा तुमचा गिऱ्हाईक नाही. ही यादी रिकामी ठेवल्यामुळे छोट्या माणसांचे पैसे वाहून जाताना मी फार बघितलं आहे, आणि ती भरायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

फळ दिसायला वेळ लागेल. केलेल्या कामाचा परिणाम दिसायला चार महिने ते एक वर्ष लागतं असं गूगलच्याच माणसांनी सांगितलेलं आहे. तीस दिवसांच्या वायद्याचा खोटेपणा इथेही कळतो. या काळात स्वतःच्या मोबाइलवर रोज स्वतःलाच शोधून बघू नका. तुमचा मोबाइल शहापुरात आहे आणि तुम्ही काय बघता ते त्याला ठाऊक आहे, तो तुम्हाला तुमचंच घर दाखवणार. महिन्यातून एकदा पुण्याच्या बहिणीला शोधायला सांगा आणि तिच्या पडद्याचा फोटो मागवा. शिवाय सर्च कन्सोल नावाची गूगलची फुकट सोय आहे, तिला वेबसाइट जोडून ठेवा. लोक नेमके कोणते शब्द टाकून तुमच्या पानावर आले ते तिथे दिसतं. फोनपाशी ठेवलेल्या वहीचंच ते दुसरं रूप समजा. त्यात एखादा नवा प्रश्न दिसला की त्याचं उत्तर पानावर वाढवा. आणि फोन उचला. कामात हात पिठात असतात हे खरं, म्हणून व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. फुकट आहे, त्यात भावांची यादी लावून ठेवता येते, आणि 'हात कामात आहेत, संध्याकाळी सहानंतर फोन करते' असा निरोप आपोआप जातो.

राहिलं सासूबाईंचं म्हणणं. ते मला सगळ्यात जास्त पटलं. दिवसाला दीडशे होत असतील तर तीनशेची मागणी आणणं म्हणजे त्यांच्या मनगटांवर भार टाकणं, किंवा घाईत कच्चे मांडे देऊन तीस वर्षांचं नाव घालवणं. त्यांना सांगा, सगळ्या गावाला सांगायचं नाही. ज्याला मांडेच हवे आहेत त्यालाच घर सापडावं, एवढंच करायचं. लग्नाच्या पानावर वरच्या बाजूला एक ओळ कायम ठेवा: 'या तारखांच्या ऑर्डरी भरल्या आहेत', आणि खाली तारखा. दर सोमवारी ती ओळ बदला. आलेल्या माणसाला तुमच्याकडे जागा नसेल तर तो तारीख बघून पुढच्या मुहूर्तासाठी आधी फोन करेल, आणि आज रिकाम्या जाणाऱ्या आठवड्याच्या मधल्या वारांना काम येईल. कोणत्या तारखा घ्यायच्या आणि कोणत्या सोडायच्या ते सासूबाईंनी ठरवावं. तुम्ही फक्त ती ओळ टाइप करा.